चालणाऱ्यांनी राखलेली वाट

कटंगीहून वारासिवनीकडे, तिरोडीकडे किंवा तुमसरकडे जाणारे डांबरी रस्ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु या रस्त्यांच्या कितीतरी आधीपासून, आणि त्यांच्या आडबाजूने आजही, या मुलखात आणखी एक दळणवळण चालत आले आहे. आखरावरून रानाकडे जाणारी गुरांची वाट, धानाचे भारे खळ्यावर आणणारी गाडवाट, तलावाच्या पाळीवरून शेजारच्या गावी उतरणारी पायवाट, स्मशानाकडे नेणारी वाट, या सर्वांचे मिळून ते बनले आहे. गाडीच्या वाटेला विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात पांधण म्हणतात. देशावर तीच पाणंद होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. बावनथडीच्या दोन तीरांवर दोन राज्ये आली. तरी सोयरिकी तुटल्या नाहीत आणि त्या सोयरिकींच्या वाटाही मोडल्या नाहीत.

आता मात्र त्या मोडू लागल्या आहेत. कोणी हुकूम काढून त्या बंद केलेल्या नाहीत. बैलगाडी गेली आणि मोटारसायकल आली. तिला डांबरी रस्ता बरा वाटतो. भावाभावांत शेताच्या वाटण्या झाल्या, धुरे सरकले. दर नांगरटीला एखादे तास वाटेच्या अंगावर जाते आणि जिथून दोन गाड्या समोरासमोर निघत, तिथून एका माणसाला डोक्यावर भारा घेऊन निघणे कठीण होते. शेवटी कोणी रानडुकरांच्या भीतीने काट्यांचे कुंपण घालतो आणि वाट संपते.

चालण्याच्या वाटांचा प्रश्न ज्या देशाने फार पूर्वी पाहिला आणि बऱ्याच अंशी सोडवला, तो देश म्हणजे इंग्लंड. तेथील खेड्यापाड्यांतून, जमीनदारांच्या विस्तीर्ण उपवनांतून, गव्हाच्या उभ्या शेतांतून आणि मेंढ्यांच्या कुरणांतून पायवाटांचे जाळे पसरलेले आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक हक्काच्या वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. जमीन खासगी, पण तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा! एखाद्या उमरावाच्या वाड्यासमोरील हिरवळीवरून परगावचा मजूर निर्वेधपणे चालत जातो आणि त्यास कोणी हटकू शकत नाही. कुंपण आले की ओलांडण्यासाठी लाकडी पायरी किंवा माणूस जाईल पण गुरे जाणार नाहीत असे फाटक असते.

या वाटा प्रारंभी सहलीसाठी निर्माण झाल्या नव्हत्या. चर्चला जाणे, गिरणीवर दळण नेणे, बाजार गाठणे, कामावर जाणे, मृतास दफनभूमीकडे नेणे, याच गरजांतून त्या पडल्या. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील गावांची सामाईक जमीन कायद्याने वाटून कुंपणात घातली गेली. तेव्हा कित्येक वाटा नाहीशा झाल्या. कित्येक मात्र वाटणीच्या कागदांत नोंदल्या गेल्या आणि म्हणून वाचल्या.

पुढे कारखान्यांच्या शहरांत राहणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत जाण्याची ओढ लागली. मँचेस्टरजवळचे किंडर स्काउट नावाचे पठार शिकारीसाठी राखलेले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या नेतृत्वाखाली शेकडो कामगार जाणूनबुजून त्या पठारावर चढले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये आपल्या लोकांनी महाराष्ट्र मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी इंग्लंडात वाटांच्या हक्काचा कायदाही झाला. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे अखंड आणि हक्काने चालले, तर ती सार्वजनिक वाट मानावी, असे तत्त्व त्याने ठरवून दिले.

परंतु खरा पाया घातला तो १९४९ च्या कायद्याने. प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सर्व वाटांचा नकाशा करावा, असे या कायद्याने फर्मावले. हे काम कचेरीत बसून झाले नाही. गावोगावच्या ग्रामसभांतील माणसे हातात नकाशा घेऊन प्रत्यक्ष चालली, म्हाताऱ्यांना विचारले आणि वाटेवर वाट आखली. नकाशावर जी वाट आली ती निर्णायक पुरावा ठरली. शेतकऱ्यावरही मर्यादा आली. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली, तर पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी केली पाहिजे, असा तेथे दंडक आहे. १९६५ साली सुमारे ४३० किलोमीटर लांबीची पेनाइन वाट खुली झाली. तिचा दिवस होता २४ एप्रिल, किंडरच्या त्या चढाईचाच.

हे सारे वाचून कोणास वाटेल की, हे त्यांचे भाग्य. आपल्याकडे असा कायदा कोठून असणार? येथेच आपले अज्ञान उघड होते. वीस वर्षांच्या वहिवाटीचे तत्त्व आपल्या मुलखात त्यांच्या त्या कायद्यापूर्वी पन्नास वर्षे कायद्याच्या पुस्तकात आले. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आरंभी मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच प्रदेशांना लागू झाला. बालाघाट जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. दुसऱ्याच्या खासगी जमिनीवरून आपल्या शेताकडे जाण्याची वाट जो वीस वर्षे शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड वापरतो, त्याचा हक्क या कायद्याने पक्का होतो. मात्र एक अट आहे. कोणी वाट अडवली आणि आपण ते जाणून वर्षभर मुकाट्याने सोसले, तर वहिवाट खंडित झाली असे धरले जाते. आणि वीस वर्षांचा काळ दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपलेला असावा लागतो. शेजाऱ्याचे मन राखण्यासाठी गप्प बसणारा माणूस आपला हक्क या रीतीने गमावून बसतो.

दुसरा आधार महसुली कागदांचा. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमीन बंदोबस्त झाला. त्या काळापासून बंदोबस्ताच्या कागदांत गावच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या नावाने नोंदल्या जाऊ लागल्या. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, पण हा कागद संपला नाही. मध्यप्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेचे कलम २४२ त्यासाठीच आहे. खासगी जमिनीवरून जाण्यायेण्याचा आणि पाण्याचा जो रिवाज गावात असेल, तो त्यात नोंदला जातो. कलम १३१ प्रमाणे शेताकडे किंवा चराईच्या जमिनीकडे जाण्याच्या वाटेचा तंटा तहसीलदाराने स्थानिक चौकशी करून, पूर्वीचा रिवाज पाहून निकालात काढावयाचा असतो. बावनथडीपलीकडे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतांच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास देते. आणि विदर्भापुरता वाजिब-उल-अर्जही तेथे टिकून आहे. एकाच प्रांताचा वारसा दोन्ही तीरांनी असा जपला आहे. पाणंद रस्त्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ‘मातोश्री’ नावाची योजनाही आखली.

यातला एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुविधाधिकार आणि कलम १३१ यांचा लाभ मुख्यतः जमीनवाल्यास होतो. ज्याच्या नावावर एक डिसमिलही जमीन नाही, त्या मजुराचे काय? रोवणीला जाणारी बाई, गुराखी, तलावावर मासे धरणारा ढीवर, यांना गावाचा रिवाज हाच आधार. वाट बुजली तर जमीनवाला भांडतो, वकील लावतो. भूमिहीन माणूस मात्र लांबच्या फेऱ्याने जातो. म्हणून वाजिब-उल-अर्जातील एकेका ओळीचे मोल त्याच्यासाठी मोठे आहे. स्मशानाची वाट अडली म्हणजे ते मोल कळते. पण तेव्हा वेळ गेलेली असते.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आज रायपूर, जबलपूर, इंदूर, भोपाळ येथे स्थायिक आहेत. गावी जाणे होते ते दिवाळीला किंवा लग्नकार्याला. कार्तिकात धान कापणीला येते आणि बांध्यांतील पाणी आटते. धुऱ्यावरून चालायला तो काळ उत्तम. त्या वेळी मुलांना मोटारीतून न नेता एका गावाहून दुसऱ्या गावी पायी न्यावे. निघण्यापूर्वी पटवाऱ्याकडून गावाचा नकाशा पाहून घ्यावा. तो आता संगणकावरही पाहता येतो. नकाशात वाट असेल आणि जागेवर नसेल, तर कोठे तुटली ते टिपून घ्यावे. नकाशात नसेल, पण वडीलधारी मंडळी ती जुनी असल्याचे सांगत असतील, तर त्यांच्या आठवणी नावासह आणि सालासह लिहून ठेवाव्यात. उद्या चौकशी झालीच, तर पूर्वीचा रिवाज सांगायला हीच माणसे लागणार आणि ती दरवर्षी कमी होत आहेत.

इंग्लंडातील वाटांची गरज संपली तेव्हा तेथील लोकांनी हौसेने चालून त्या जगवल्या. आपल्याकडे गरज ओसरत आहे आणि हौस अजून जन्मास यावयाची आहे. या दोहोंमधल्या काळातच वाट मरते. कागद तिचे नाव राखील. पण गवत दबलेले ठेवण्याचे काम पावलांनाच करावे लागेल.