रंग वजा केल्यावर चौकटीत काय उरतं?

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने 1932 मध्ये फ्रान्समधल्या इएर गावात एका जिन्यावरून खालच्या गल्लीत कॅमेरा रोखला. छायाचित्रात वळत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, कठड्याची वाकडी रेघ आहे आणि तिच्या पलीकडे, कोपऱ्यात, वेगाने पुसट झालेला सायकलस्वार. सायकलस्वार क्षणभराचा, जिना मात्र जागचा हलणार नव्हता. रस्त्यावरच्या कृष्णधवल छायाचित्रणाचा हा फार मोलाचा धडा आहे: आधी जागा निवडावी, मग माणसाची वाट पाहावी.

रंग गेले की नजरेला आधार उरतो तो उजेड, सावली आणि आकारांचा. लाल साडी हिरव्या झाडापुढे उठून दिसते, पण करड्या छटांत दोन्ही एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून गडद आकृतीमागे उजळ भिंत शोधावी. दोन माणसांमध्ये थोडी फट राखावी. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसला, तर एक पाऊल बाजूला सरकावं. एवढ्याने चित्र बदलतं!

सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लांब सावल्या आयत्या मिळतात.

गर्दीचं काय? भारतीय छायाचित्रकार रघू राय यांचं 1995 मधलं मुंबईच्या चर्चगेट स्थानकाचं छायाचित्र जरूर पाहावं. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने धावणारे प्रवासी धुरकट प्रवाह झाले आहेत आणि वर्तमानपत्र वाचणारी माणसं त्यात स्पष्ट उभी राहतात. मोबाइलवर करड्या छटा ओळखण्याचा सराव करायचा असेल, तर पडदाच कृष्णधवल ठेवावा. छटांचा गोंधळ बटण दाबण्याआधीच कळतो.