एका भांड्यांतील तीन पेय्यें

इंग्लंडांत सफरचंदाचा रस आंबवून 'सायडर' करतात आणि त्याचे निरनिराळे प्रकार चाखून त्यांस गुण देण्याची तिकडे हौस आहे. आमच्या कोंकणांत ही परीक्षा एकाच भांड्यांत होते! थंडीच्या दिवसांत पनवेलीस आप्तांकडे गेलों असतां भल्या सकाळीं नीरा-केंद्रावरून नीरा आणविली. "ही तर ताडीच!" म्हणून आजींनीं नाक मुरडलें. तेव्हां आम्हीं परीक्षाच मांडली.

सकाळचा पेला मधुर व निर्मळ; दहांपैकीं नऊ गुण. ऊन चढल्यावरचा किंचित् आंबूस व फेसाळ, चार. दुपारच्या पेल्यास नुसत्या वासावरूनच शून्य दिलें!

कारण उघड आहे. हवेंतील व भांड्यांतील किण्व रसांतील साखरेचा मद्यार्क बनवितें, आणि उष्णतेनें तें काम वेगानें होतें. रस झिरपतो त्या मडक्यास आंतून चुना लावल्यास वा नीरा बर्फांत ठेविल्यास तें मंदावतें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेंही न आंबलेल्या रसासच नीरा म्हटलें आहे. तेव्हां दोष झाडाचा नव्हे, वेळेचा.

दुसऱ्या दिवशीं आजींनीं अर्धा पेला घेतला. मात्र घड्याळ पाहून!