खेळगृहातील विमान आणि घरातील यंत्र

आमचा विषय पोरखेळाचा आहे, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे; आणि तो तसा आहेच. परंतु ज्या मुलाने आठवडेच्या आठवडे खाऊचे पैसे साठवून खेळाची फीत विकत घेतली आणि ती लावल्यावर ज्याचा चेहरा उतरला, त्याला हे कोणी सांगावे? ही निराशा कशामुळे झाली, तेवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

१९८७ साली जपानच्या सेगा कंपनीने ‘आफ्टर बर्नर’ हा नेमबाजीचा खेळ काढला. त्याचे कर्ते यू सुझुकी. नाणे टाकून बसावे, लढाऊ विमान हाकावे आणि समोरून येणारी शत्रूची विमाने पाडावीत, एवढेच त्याचे कथानक. पण त्याची मोठी पेटी विमानाबरोबर स्वतःही कलत असे, आणि पडद्यावर क्षितिज गरगर फिरे. लवकरच हा खेळ कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर उतरविण्यात आला. नाव तेच, विमान तेच; मौज मात्र वाटेत कोठे सांडली?

जादूचा दिवा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दिवा मागे नेला की भिंतीवरचे चित्र मोठे होते, पुढे आणला की लहान. सेगाच्या पेटीत असा दिवा होता असे समजा. ठिपक्याएवढे विमान जवळ येता येता पडदाभर व्हावे, यासाठी चित्र लहानमोठे करणारी खास मंडले तिच्यात होती, शिवाय १२.५ मेगाहर्ट्‌झ गतीचे दोन ‘६८०००’ प्रक्रियक दिमतीला.

१९८२ साली आलेल्या कमोडोरपाशी दिवा नव्हता, ठसे होते. २४ ठिपके रुंद व २१ ठिपके उंच अशी आठ चित्रे त्याची चित्रचकती एका वेळी पडद्यावर हलवू शके. ठसा दुप्पट करता येई. दीडपट किंवा तिप्पट नाही. म्हणून जवळ येणाऱ्या विमानासाठी प्रत्येक आकाराचे निराळे चित्र आधीच काढून ठेवणे आले. अशा प्रत्येक चित्राला ६४ बाइट लागत, आणि सगळी स्मृती ६४ किलोबाइटची! चित्रे थोडी ठेवावीत, तर विमान जवळ न येता उड्या मारीत मोठे होते.

मग सगळा पडदाच नव्याने का रंगवू नये? हिशेब करून पाहू. युरोपातील कमोडोरच्या प्रक्रियकाला पडद्याच्या एका चित्रामागे सुमारे १९,६०० ठोके मिळत. पडद्याच्या चित्राचे बाइट ८,०००. एक बाइट नुसता उचलून ठेवायलाच नऊएक ठोके. म्हणजे सगळ्यांना ७२,०००. जवळजवळ चार चित्रांचा वेळ नुसत्या हमालीत गेला, आणि क्षितिज फिरविण्याचे गणित अजून बाकीच आहे!

तेव्हा यंत्र कुचकामाचे होते, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. याच कमोडोरवर १९८६ साली अँड्र्यू ब्रेब्रुक यांचा ‘युरिडियम’ हा खेळ आला. त्यातही विमान, त्यातही गोळीबार. पण तेथे आपण सर्व वरून पाहतो. काही जवळ येत नाही, म्हणून काही मोठे करावे लागत नाही. प्रचंड अवकाशनौकांची पाठ पडद्यावरून डावीउजवीकडे सरकते, आणि पडदा सरकविणे हे काम कमोडोरला उत्तम जमे. सात ठिपक्यांपर्यंतचा सरक तर चित्रचकती स्वतःच देई. आगगाडीच्या खिडकीतून रान पळताना दिसावे, तसा तो खेळ आजही पळतो.

ब्रेब्रुक यांनी यंत्र काय करू शकते ते आधी पाहिले आणि त्यातून खेळ रचला. ‘आफ्टर बर्नर’ घरी आणणाऱ्यांना ती मुभाच नव्हती; खेळगृहात गाजलेले नाव विकायचे होते, आणि नावामागे तो कलणारा आकाशाचा देखावा ओढीत आणणे भाग होते. काम करणाऱ्यांची आम्हांस कीव येते. दुकानात मुलाच्या हाती पडे ते वेष्टन. त्यावर झेपावणारे विमान रंगविलेले असे, ठोक्यांचा हिशेब नसे. आणि साठविलेले पैसे त्याने मोजले ते त्या विमानाकडे पाहून.