उशिरा येणाऱ्याची जागा

हिवाळ्यातली रात्र, दोनचा सुमार. इटलीतल्या एका मठात घंटा होते. अंगावरच्या कपड्यांनिशीच झोपलेले संन्यासी उठतात आणि प्रार्थनागृहाकडे निघतात. पण झोप ती झोपच. दोघं-तिघं मागे राहतात. त्यांचं काय करायचं?

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 43व्या प्रकरणात याचं उत्तर आहे. सुरुवातीचं एक स्तोत्र मुद्दाम रेंगाळत म्हणायचं, म्हणजे धावत येणाऱ्याला ते संपायच्या आत पोचता येईल. त्यानंतर येणाऱ्याला नेहमीची जागा मिळणार नाही. सगळ्यांच्या नजरेस पडेल अशा वेगळ्या ठिकाणी त्यानं उभं राहायचं. मात्र आत यायचंच. बाहेर ठेवला तर गडी परत जाऊन झोपेल, नाहीतर बाहेरच गप्पा छाटत बसेल, हे बेनेडिक्ट यांना पक्कं ठाऊक होतं.

ख्रिस्ती परंपरेतली शिस्त समजून घ्यायची तर या उशिरा येणाऱ्यापासून सुरुवात करावी. आपण पाडव्याला नेम धरतो, आठवडाभर तो नेटानं चालतो, एक दिवस चुकतो आणि मग ‘मोडलाच आहे तर जाऊ दे’ म्हणून सगळाच सुटतो. माणूस चुकणार हे बेनेडिक्ट यांनी आधीच हिशेबात धरलं होतं.

बेनेडिक्ट यांचा जन्म साधारण 480 सालचा, इटलीतल्या नुर्सिया गावातला. शिक्षणासाठी रोमला गेले, तिथलं वातावरण मानवलं नाही, म्हणून सुबियाकोच्या डोंगरात एका गुहेत तीन वर्षं राहिले. पोप ग्रेगरी यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. एका मठातल्या संन्याशांनी त्यांना आग्रहानं आपले प्रमुख केलं आणि त्यांची कडक शिस्त सोसवेना तेव्हा द्राक्षारसात विष कालवलं. त्या अनुभवाचा परिणाम असेल किंवा नसेल, पण पुढे मोंते कासिनोच्या मठात लिहिलेली 73 प्रकरणांची नियमावली त्या काळाच्या मानानं बरीच मवाळ आहे. संन्याशानं द्राक्षारसाला शिवू नये हे खरं, पण हल्लीच्या संन्याशांना ते पटवता येत नाही, असं मान्य करून त्यांनी रोजचं बेताचं माप ठरवून दिलं. पूर्वीचे तपस्वी दीडशेच्या दीडशे स्तोत्रं एका दिवसात म्हणत. आपण आळशी माणसं, निदान आठवड्यात तरी पुरी करू, असा त्यांचा हिशेब. माप झेपेल एवढंच ठेवायचं, पण ठेवलेलं सोडायचं नाही.

दिवसाचीही वाटणी ठरलेली: प्रार्थना, अंगमेहनत, वाचन, झोप. उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळे आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमानं वाचावं लागे. मधलीच पानं चाळायची सोय नव्हती. मठाची कुदळ-फावडी वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखी जपावीत, असंही एक कलम आहे. श्रद्धा अशी हातातल्या कामापर्यंत उतरली की शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

कंटाळ्याचं निदान तर याच्याही आधी झालं होतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्यानं ‘दुपारच्या सैताना’चं वर्णन केलं आहे. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीशी जातो, कुणी भेटायला येतंय का पाहतो. मग ही जागाच वाईट, हे कामच वाईट, दुसरीकडे गेलो तर जमेल, असे विचार सुरू होतात. खिडकीऐवजी हातात मोबाइल आला, एवढाच फरक. इव्हाग्रियसचा उपाय साधा आहे: खोली सोडू नका. बेनेडिक्ट यांच्या संन्याशांनाही एकाच मठात स्थिर राहण्याचं व्रत घ्यावं लागे.

पुढचं पाऊल टाकलं इग्नेशियस लोयोला यांनी. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय जायबंदी झालेला हा स्पॅनिश सैनिक अंथरुणावर पडल्या पडल्या बदलला आणि पुढे त्यानं येशूसंघाची स्थापना केली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात स्वतःचा एकच दोष निवडून त्यावर काम करायची रीत आहे. सकाळी उठताना तो दोष आठवायचा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर स्वतःची झडती घ्यायची आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके कागदावर आखलेल्या ओळीवर द्यायचे. सकाळची ओळ संध्याकाळच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. आठवड्याच्या या ओळी उतरत्या लांबीच्या असतात: पहिल्या दिवसाची सगळ्यांत लांब, शेवटच्या दिवसाची आखूड. ठिपके कमी होत जातील ही आशा कागदावरच आखलेली.

पण याच इग्नेशियसची एक दुसरी बाजू आहे. सुरुवातीच्या काळात मान्रेसा गावी असताना आपली पापं नीट कबूल झाली नाहीत या शंकेनं त्याला पछाडलं. त्यानं आठवडाभर अन्नपाणी सोडलं. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास सोडायचा हुकूम केला, तेव्हा तो जेवला. शिस्तीचं असं ओझं होऊ शकतं, हे पुढे ठिपके मोजायला शिकवणाऱ्याला स्वानुभवानं माहीत होतं.

इंग्लंडच्या जॉन वेस्ली यांची गोष्टही याच वळणाची. 1729 पासून ऑक्सफर्डमध्ये ते आणि त्यांचे काही मित्र इतक्या पद्धतशीरपणे प्रार्थना, वाचन, उपास आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी करत, की बाकीचे विद्यार्थी त्यांना चिडवून ‘मेथडिस्ट’ म्हणू लागले. पहाटे चारला उठणं, सांकेतिक लिपीतल्या रोजनिशीत तासातासाचा हिशेब. कशात कमी नव्हती. तरी अमेरिकेतल्या जॉर्जियाहून 1738 मध्ये ते हताश होऊन परतले. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनमध्ये एका छोट्या सभेत त्यांना प्रथम जाणवलं की देवानं आपल्याला आधीच स्वीकारलं आहे. पहाटेचं उठणं त्यानंतरही सुटलं नाही, पण आता ते देवाला खूश करण्यासाठी नव्हतं.

वेस्लींनी आणखी एक गोष्ट ओळखली: एकट्याचा नेम टिकत नाही. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले गेले. गटाच्या प्रमुखानं दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पैसे मागायला घरोघर गेल्यावर कोण कसं जगतंय हे दिसू लागलं, आणि वर्गणीचे गट एकमेकांची विचारपूस करणारे गट झाले. ‘या आठवड्यात कसं काय?’ असं विचारणारं माणूस दारात येणार, हे माहीत असलं की नेम मोडताना हात कचरतो.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो विधवा आणि अनाथ मुलींचा संसार सांभाळत त्यांनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. संस्कृत येत होतंच. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. काम पंधराहून अधिक वर्षं चाललं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या; अखेरपर्यंत त्या हेच काम करत होत्या.

वसईच्या अनेक कॅथलिक घरांत हीच शिस्त नाव न घेता नांदते. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की देवदूताच्या निरोपाची प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांची जपमाळ. लहान पोरं पेंगतात, आजी चुटकी वाजवते, माळ पुढे सरकते. आज मन लागलं का, असं कुणी विचारत नाही. वारकऱ्याच्या घरातल्या हरिपाठाची ज्यांना सवय आहे, त्यांना हे निराळं सांगायला नको.

संत पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले आहेत. मराठी बायबलात नववा शब्द आहे ‘इंद्रियदमन’. दमन म्हटलं की चाबूक आठवतो, पण पौलाचा शब्द ‘फळ’ आहे. फळ ओढून लांब होत नाही. झाडाला रोज पाणी घालावं लागतं, आणि एखाद दिवस राहिलं म्हणून कुणी झाड उपटत नाही.

येत्या पाडव्याला नेम धरणार असाल, तर बेनेडिक्ट, इग्नेशियस आणि वेस्ली यांच्याकडून, मग तुमचा देव कोणताही असो, चार गोष्टी उसन्या घ्या. माप लहान ठेवा. वेळ घंटेसारखी ठरलेली असू द्या. विचारणारं एक माणूस गाठीशी ठेवा. आणि चुकाल त्या दिवशी परत येऊन उभं कुठे राहायचं, ते आधीच ठरवून ठेवा. दीड हजार वर्षं मठ चालवणाऱ्या त्या नियमावलीच्या शेवटच्या प्रकरणात बेनेडिक्ट यांनी लिहून ठेवलं आहे, की हे सगळं नवशिक्यांसाठी आहे.