बाहेरची बैठक

आपल्या जुन्या घरांत बाहेरून आलेला माणूस एकदम आत शिरत नसे. आधी अंगण, मग ओटी नाहीतर पडवी, आणि त्यानंतर माजघर. त्या मधल्या जागेला छप्पर असायचं, पण अडवणारं दार नसायचं. शेजारी तिथे टेकायचे, पोस्टमन तिथे पाणी प्यायचा, धान्याचे, लग्नाचे आणि भांडणाचेही व्यवहार तिथेच व्हायचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा तर बहुतेक दिवस तिथेच जायचा. फारशी हालचाल होत नसली तरी रस्त्यानं कोण गेलं, कोण आलं, हे त्याला बसल्या जागी कळायचं. गाव त्याच्यापर्यंत येत असे.

आज त्या जागेची गॅलरी झाली आहे. कुठे रो हाउससमोरचा फरशी घातलेला तुकडा आहे, तर कुठे गच्ची. 2020च्या टाळेबंदीत या चार फुटांची किंमत शहरातल्या माणसाला चांगलीच कळली. तरीही बहुतेक घरांत या जागेचं दोहोंपैकी एक काहीतरी होतं. एक तर तिथे रद्दी, जुनी सायकल आणि रिकामे डबे साठतात. नाहीतर हौसेनं चार खुर्च्या आणि काचेचं टेबल असा सेट येतो, दोन पावसाळ्यांत त्याला गंज चढतो आणि मग तोही अडगळीत जमा होतो. असं का होतं? कारण आपण आधी वस्तू आणतो आणि जागेचा विचार नंतर करतो. फर्निचर आपण दुकानात, पंख्याखाली आणि दिव्यांच्या उजेडात पाहतो. त्याला मात्र मुक्काम करायचा असतो उन्हात आणि पावसात.

आपल्या वाडवडिलांनी हा हिशेब बरोबर मांडला होता. कोकणात पावसाळा सरला की खळं चोपून सारवून घेतात, त्यावर खांब रोवून झापांचा मांडव घालतात आणि पुढच्या पावसाआधी तो उतरवतात. अंगणातली बैठक कोरड्या महिन्यांपुरतीच, हे आधीच ठरलेलं. पावसाळ्यात बसायचं ते ओटीवर, झोपाळ्यावर, छपराच्या चांगलं आत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारापुढे बाल्कांव असतो. त्याच्या दोन्ही अंगांना बांधीव बैठका असतात, त्यांना सोपो म्हणतात. विदर्भात उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकायची पद्धत. सुतळीच्या विणीतून खालूनही वारा लागतो, आणि सकाळी ऊन चढायच्या आत बाज भिंतीला उभी करता येते. देशावर गावाची बैठक पिंपळाच्या दगडी पारावर. या सगळ्यांतून एक साधा नियम निघतो. जे कायम बाहेर राहणार ते दगडाचं किंवा बांधीव असावं, आणि जे तसं नाही ते एका माणसाला उचलून आत नेता यावं. आजही बाहेरचं फर्निचर घेताना हा नियम हाताशी ठेवावा.

खरेदीआधी एक रविवार जागेसाठी काढा. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सहा वाजता ऊन कुठवर येतं ते पाहा आणि फरशीवर खडूनं रेघ मारा. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन असतं आणि दुपारनंतर सावली. चहा-पेपरसाठी याहून चांगली जागा नाही. पश्चिमेची गॅलरी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर भट्टीसारखी तापते. तिथली बैठक सूर्य कलल्यानंतरची, हे धरूनच चालावं आणि वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडावा. दक्षिणेकडे मात्र एक गंमत असते. आपल्या महाराष्ट्रात मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे वरच्या स्लॅबची सावली पुरते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि ऊन थेट आत येतं. म्हणजे थंडीत उबेची आणि उन्हाळ्यात दुपारपुरती सावलीची, अशी ती जागा होते.

उन्हासारखीच पावसाचीही रेघ मारावी. रत्नागिरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्याला साधारण त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका. तेव्हा पुण्यात टिकलेली खुर्ची रत्नागिरीत टिकेलच असं नाही. शिवाय किनारपट्टीवर पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, पाऊस तिरपा मारतो आणि छप्पर असूनही निम्मी गॅलरी भिजते. ओली आणि कोरडी फरशी जिथे वेगळी होते, त्या रेघेच्या आतच लाकूड आणि कापड ठेवावं.

दुसरा प्रश्न माणसांचा. तिथे रोज कोण बसणार आहे? वर्षातून दोनदा येणाऱ्या आठ पाहुण्यांसाठी आपण सोफासेट घेतो. रोज दोन तास बसणाऱ्या आजीचा विचार मात्र मनात येत नाही. हल्ली बाहेरच्या जागेसाठी बुटके, खोल गादीचे सोफे मिळतात. दिसायला ते देखणे असतात, पण जमिनीपासून फूटभर उंचीवरून उठताना गुडघ्यांचं काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. वयस्क माणसासाठी बैठकीची उंची 17 ते 18 इंच असावी, पाठ सरळ असावी आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात असावेत. उठताना माणूस त्या हातांवरच भार टाकतो, म्हणून हात हलता कामा नयेत आणि खुर्ची मागे घसरता कामा नये. फरशी गुळगुळीत असेल तर पायांना रबरी बुच लावावेत. आजोबांना आरामखुर्ची आवडत असेल तर ती जरूर ठेवावी, पण शेजारी उठायला आधार होईल अशी एक जड वस्तू हवी. चष्मा, औषध आणि पाण्याचा तांब्या ठेवायला हाताच्या अंतरावर छोटं स्टूल असलं की त्या माणसाला दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही.

आता सामानाकडे वळू. लाकडात बाहेरच्या जागेसाठी सागवानाला तोड नाही. त्याच्या अंगात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि ओल ते बऱ्यापैकी सोसतं. उन्हापावसात ते करडं पडतं, पण त्यामुळे कमकुवत होत नाही. जुन्या वाड्यांच्या पाडकामातलं सागवान मिळालं तर त्याचा बाक उत्तम होतो. प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या मात्र बाहेर नकोतच, ओल लागली की फुगतात. वेताच्या खुर्च्या हलक्या आणि सुखद, पण त्या ओटीच्या, भिजत राहिल्या तर बुरशी धरतात. बांबूत पिष्ठ असतं, ते खायला भुंगा येतो आणि खुर्चीखाली पिठासारखी भुकटी पडू लागते. म्हणून बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू आहे का, हे विचारूनच घ्यावं.

लोखंड मजबूत खरं, पण समुद्राकाठी खारी हवा त्याला खाते. रंग चांगला दिसला तरी वेल्डिंगचे सांधे आणि पायांची टोकं तपासावीत, गंज तिथूनच सुरू होतो. रेडऑक्साइडचा हात देऊन दर एक-दोन वर्षांनी रंग द्यायची तयारी असेल तरच लोखंड घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही आणि ते उचलायला सोपं, पण वाऱ्यानंही ते तितक्याच सहज उचललं जातं. स्टेनलेस स्टीलसुद्धा किनाऱ्यावर डागाळतं. तिथे 304पेक्षा 316 प्रतीचं जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं.

आणि आपली प्लास्टिकची खुर्ची? एका साच्यातून अख्खी निघणाऱ्या या खुर्चीचा एक गाजलेला अवतार फ्रान्समध्ये 1972 साली आला आणि पुढे ही जातकुळी जगभर पसरली. स्वस्त, हलकी, एकात एक रचता येणारी, पाण्याला न भिणारी. तिचा एकच शत्रू, तो म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. खुर्ची पांढुरकी पडली, हाताला भुकटी लागू लागली किंवा पायाच्या मुळाशी चरा दिसला, की ती ताबडतोब मोडीत काढावी. वजनदार माणूस बसताना असा पाय एका क्षणात फाकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला त्या पडण्याचं मोल खुब्याच्या हाडानं चुकवावं लागतं.

मांडणीसाठी आजचा पेपर उपयोगी पडेल. खुर्चीची लांबी-रुंदी दुकानातून लिहून आणा, तेवढ्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापा आणि जागेवर पसरा. मग त्यांच्यामधून कपड्यांची बादली घेऊन चालून पाहा. जायला-यायला किमान दोन फूट वाट मोकळी राहिली पाहिजे. चार फुटांच्या गॅलरीत दोन फूट खोल खुर्ची मांडली की तेवढीच वाट उरते, म्हणजे टेबल मधोमध बसणारच नाही. अशा ठिकाणी दोन खुर्च्या भिंतीला पाठ लावून आणि त्यांच्यामध्ये एक छोटं तिपाई, एवढंच पुरे. टेबल हवंच असेल तर भिंतीला बिजागऱ्यांवर दुमडणारी फळी लावावी.

बैठक भिंतीलगत असण्याचं याहून मोठं कारण आहे, आणि ते कृपया लक्षात ठेवा. गॅलरीचा कठडा समजा साडेतीन फूट आहे. त्याला लागून दीड फूट उंचीची खुर्ची ठेवली आणि चार वर्षांचं मूल तिच्यावर चढलं, की त्याच्यापुरता तो कठडा दोन फुटांचाच उरतो. कठडा तोच, पण आपण फर्निचर ठेवून त्याची उंची कमी केलेली असते. खुर्ची, स्टूल, बाक, पालथी बादली, मोठी कुंडी, पाय ठेवून चढता येईल असं काहीही कठड्यालगत नको. लहान मुलांच्या घरात हलक्या खुर्च्या वापर झाल्यावर आत न्याव्यात, कारण मूल त्या स्वतःच ओढत नेतं. कुंड्या कठड्याच्या बाहेर टांगू नयेत आणि कठड्यावर तोलूनही ठेवू नयेत, खाली रस्ता आहे.

वजनाचंही तसंच. बरीच गॅलरी एका बाजूनं इमारतीत रोवलेली आणि दुसरीकडे अधांतरी असते. बाहेरच्या टोकाशी ठेवलेलं ओझं तिला जास्त जड जातं. एक घनफूट ओली माती साधारण 50 किलो भरते. चार फूट लांब आणि फूटभर रुंद-खोल वाफा म्हणजे 200 किलो, जणू तीन माणसं रात्रंदिवस कठड्याला टेकून उभी. जुन्या इमारतीत तर हा भार नकोच. जड वस्तू भिंतीशी ठेवाव्यात आणि मातीत कोकोपीट मिसळून कुंड्या हलक्या कराव्यात.

झोपाळ्याचा मोह मराठी माणसाला आवरत नाही, आणि का आवरावा? फक्त त्याला पुढे-मागे मिळून फळीच्या रुंदीखेरीज पाच-सहा फूट तरी मोकळे लागतात. अरुंद गॅलरीत तो आडवा टांगला तर गॅलरीच्या लांबीच्या दिशेनं झुलेल, पण मग वाट अडेल. झुलताना कड्यांवर येणारा ताण स्थिर वजनापेक्षा जास्त असतो. म्हणून पंख्याच्या हुकाला झोपाळा कधीच टांगू नये. तुळईत पक्का बसवलेला हुक जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि कड्या झिजल्यात का, हे दर वर्षी पाहावं.

गच्चीवर वाऱ्याचा विचार आधी करावा. मे महिन्यातला वळीव येण्यापूर्वी जो झंझावात सुटतो, तो उघडी छत्री आणि प्लास्टिकच्या खुर्च्या सहज उचलतो. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पक्क्या घरांचे पत्रेही उडाले. छत्री रोवायला गच्चीला भोक मात्र पाडू नये. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटला की पाणी थेट खालच्या खोलीत उतरतं. वजनदार बैठकीची छत्री घ्यावी आणि उठताना ती मिटून आडवी ठेवावी. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते. तिथे कायमचं सामान मांडून जिन्याची वाट अडवू नये, आग लागली तर हीच सुटकेची वाट असते.

जूनच्या तोंडावर एक दिवस या बैठकीला द्यावा. गाद्या उन्हात तापवून आत, वेताच्या खुर्च्या आत, लाकडाला तेलाचा हात. उघड्यावर राहणाऱ्या खुर्च्या तिरक्या टेकवून ठेवाव्यात, म्हणजे बैठकीत पाणी साचणार नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करून घासाव्यात.

आणि हे सगळं करण्याआधी, एक पैसाही खर्च न करता करायची एक गोष्ट सांगतो. घरातलीच एक साधी खुर्ची बाहेर न्या आणि ज्याला तिथे सर्वांत जास्त बसायचं आहे, त्या माणसाला आठवडाभर तिथे बसवा. ऊन डोळ्यांवर येतं का, पाय कुठे ठेवावेसे वाटतात, रस्ता दिसतो का, समोरच्या गॅलरीतल्या माणसाशी बोलता येतं का, हे त्यालाच विचारा. तो जे सांगेल ते लिहून घ्या आणि मगच दुकानाची पायरी चढा. कदाचित एक चांगली हाताची खुर्ची आणि एक स्टूल एवढंच आणावं लागेल. उरलेली जागा मोकळी राहू द्या. शेजारी आले, तर आतली खुर्ची बाहेर आणायला कितीसा वेळ लागतो!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)