भाचीचा हट्ट

भाऊबीजेला वसमत तालुक्यातल्या हट्ट्याला बहिणीकडे गेलो, तर भाचीने हट्टच धरला, “मामा, वाय-फायची पेटी बदलाच! माजघरात ऑनलाइन तास मधेच तुटतो, अन् परीक्षा तोंडावर आली.”

म्हटले, थांब पोरी. पेटीला तार जोडून वेग पाहिला, तो चोख! म्हणजे लाइन निर्दोष. गुन्हेगार ती हातभर जाडीची भिंत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी चपळ खऱ्या, पण भिंतीपुढे हात टेकतात; २.४ च्या संथ, पण चिवट. ओसरीच्या कोनाड्यातली पेटी माजघराच्या दाराशी आणली, तास सुरळीत चालू झाला. पैसे वाचले म्हणून मिशीवर ताव देतो आहे, तोच कळले, कंपनीने या पेटीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणे केव्हाच थांबवले आहे. कुलूप गंजलेले आणि घरातले बँकेचे सारे व्यवहार त्याच दाराने! मग मात्र ओवाळणीत नवी पेटीच घातली.