नागझरीपलीकडचं पुणं

पुण्याच्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी शनिवारवाड्यावर येते आणि बहुतेकदा तिथेच थांबते. नागझरी ओलांडून नाना पेठ, रास्ता पेठ आणि पुढे कॅम्पात गेलं, की याच शहराची आणखी काही घराणी भेटतात. त्यांतली सगळी काही इंग्रजांच्या मागून आलेली नाहीत. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ मध्ये जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी. त्यांच्या फौजेत कॅथलिक शिपाई आणि अधिकारी होते, त्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती.

कॅम्पातलं ‘लाल देवळ’ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग. लाल विटांचं, उंच घड्याळी मनोऱ्याचं, लांबून चर्चच वाटणारं. १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. ससून रुग्णालयही त्यानेच आखलं. दोन्हींमागे पैसा डेव्हिड ससून यांचा. बगदादमध्ये जन्मलेला हा यहुदी व्यापारी मुंबईत स्थिरावला, १८६४ मध्ये पुण्यात वारला आणि याच आवारात त्याची कबर आहे. त्याची संपत्ती कापसाइतकीच चीनला जाणाऱ्या अफूतूनही आली होती. रुग्णालयाच्या दगडी भिंतींबद्दल कृतज्ञता बाळगतानाही हे सांगितलंच पाहिजे. दात्याचं नाव कोरायचं आणि पैशाचा उगम गाळायचा, हा अर्धा इतिहास झाला.

लाल देवळापासून जवळच, रास्ता पेठेत, त्याच धर्माचं दुसरं प्रार्थनास्थळ आहे: १९२१ चं सुक्कथ शेलोमो. ते बेने इस्रायलींचं. बगदादी मंडळी अरबी बोलत आली, तर बेने इस्रायली कित्येक शतकं कोकणात तेलाचा घाणा चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात ते ‘शनिवार तेली’. पेणकर, दिवेकर, रोहेकर ही त्यांची आडनावं गावांवरून पडलेली. पुढे पलटणीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या तसे ते शहरांत आले. प्रार्थना हिब्रूत, घरात मराठी. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनंही रचली. मराठी संस्कृतीच्या इतिहासात या कीर्तनांना आजवर मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

१९४८ नंतर यांतली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढलं. इकडे मागे राहिलेल्यांपुढे साधी पण रोजची अडचण आहे: यहुदी रिवाजाप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. माणसं कमी होत गेली की इमारत धडधाकट असूनही हा आकडा जमवणं कठीण होतं. शाळांच्या सहली शनिवारवाड्यावर जातात, त्यांनी परवानगी काढून रास्ता पेठेतही जावं आणि तिथल्या कुटुंबांशी बोलावं. भाषांतर करायला कुणी लागणार नाही.